ड्रेसिंगला पोरगं थरथर कापतंय, व्हीआर लावला तर चालेल का?

मागच्या अंकात मुलांच्या सुईच्या भीतीबद्दल लिहिताना मी एका ओळीत व्हीआरचं नाव घेतलं होतं आणि तुमचे बहुतेक मेसेज त्या एका ओळीवरच आलेत, म्हणून आजचे सगळे प्रश्न त्याचेच घेतलेत. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी. डोळ्यांवर पट्ट्यानं बांधायचा जाडजूड चष्मा असतो, त्यालाच हेडसेट म्हणतात, आत भिंगं आणि स्क्रीन, मान वळवली की आतलं चित्रपण वळतं, त्यामुळे आपण तिथंच उभे आहोत असं वाटतं. मॉलमध्ये पोरं खुर्चीत बसून किंचाळत असतात ना, तोच.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सोलापुरात विडी घरकुलला राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा. न्हाणीत बादलीत रॉड लावून पाणी तापवलं होतं, सासूबाईंनी रॉड काढला पण पाणी विसणायच्या आत ह्यानं बादली अंगावर ओढून घेतली, उजवा हात आणि छाती भाजली. एक दिवसाआड ड्रेसिंगला न्यावं लागतंय. रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याला वळली की तो माझा पदर धरून थरथर कापतो, ट्रॉलीचा आवाज आला की ओरडायला लागतो. तिथं दोघं धरतात, सिस्टर पट्टी ओढते आणि मला बाहेर थांबवतात. मी बोलले तर म्हणतात, लहान पोरं रडणारच की ओ, तुम्ही आत आलात तर अजून रडंल. माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतोय व्हीआर लावला तर दुखत नाही. खरंय का? आणि आम्ही घरी तेलुगू बोलतो, पोराला इंग्लिश येत नाही, त्याला ते कळेल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून आधी त्या "रडणारच की ओ" चाच राग आला. लहान मूल रडतं कारण त्याला दुखतंय आणि भीती वाटतेय, वय लहान आहे म्हणून नाही.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुखत नाही असं नाही, पण दुखणं कमी जाणवतं, आणि गंमत बघा, हा उपाय मुळात भाजलेल्या पेशंटसाठीच निघाला. अमेरिकेत सिॲटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी 1996 च्या सुमारास हे काम चालू केलं. हॉफमन तिथल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे आणि पॅटरसन हार्बरव्ह्यू बर्न सेंटरला भाजलेल्या लोकांचं दुखणं कमी करायचं काम करणारे मानसतज्ज्ञ. 2000 साली त्यांनी 16 आणि 17 वर्षांच्या दोन मुलांचा अनुभव छापला. जखम साफ करताना थोडा वेळ साधा व्हिडिओ गेम दिला आणि थोडा वेळ व्हीआर, दोघांनाही व्हीआर चालू असताना दुखणं बरंच कमी वाटलं. पुढं त्यांनी भाजलेल्यांसाठी मुद्दाम स्नोवर्ल्ड नावाचा गेम केला, त्यात बर्फाच्या दरीतून जात जात स्नोमॅन आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारायचे. बर्फच का, तर आगीच्या आणि गरम पाण्याच्या आठवणीपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यायचं म्हणून.

हे चालतं कसं? दुखणं फक्त कातडीत नसतं, त्याची बातमी मेंदूपर्यंत जाते आणि मेंदू तिच्याकडं किती लक्ष देतो त्यावर ते किती दुखणार हे बरंचसं ठरतं. मेल्झॅक आणि वॉल या दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1965 मध्येच मांडलं होतं की ही बातमी वाटेत, पाठीच्या कण्यातसुद्धा, कमीजास्त होऊ शकते आणि वरून मेंदूचा त्यावर ताबा असतो. आता लक्ष काय अमर्याद नसतं. आपल्याकडं नळाला पाणी आलं की एका तोटीवर दोन बादल्या लावून बघा, एकीत जास्त गेलं की दुसरीत कमीच पडणार. व्हीआर डोळे, कान आणि मान तिन्ही गुंतवतो, ट्रॉली दिसत नाही, कात्री दिसत नाही, मग दुखण्याच्या वाट्याला लक्ष कमी येतं. हॉफमन यांच्याच टीमनं 2004 मध्ये धडधाकट माणसांच्या पायाला चटका बसेल इतकी उष्णता देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं, तेव्हा व्हीआर चालू असताना मेंदूतल्या दुखण्याशी संबंधित पाच भागांमधली हालचाल कमी झालेली दिसली, म्हणजे पेशंट नुसतं तोंडानं बरं वाटतंय म्हणत होता असं नाही.

पण ताई, सिॲटलमध्ये हे सगळं दुखण्याच्या औषधाच्या जोडीला केलं गेलं, औषध बंद करून नाही. म्हणून तुम्ही व्हीआर मागायच्या आधी हे विचारा की ड्रेसिंगच्या आधी पोराला दुखण्याचं औषध दिलंय का आणि किती वेळ आधी. पट्टी सोडायच्या पाचच मिनिटं आधी औषध पाजलं तर ते चढेपर्यंत ड्रेसिंग संपलेलं असतं. कोणतं, किती, कधी हे तुमच्या डॉक्टरांनी वजनावर ठरवायचं, पण विचारायचा हक्क तुमचा आहे. दुसरं, चिकटलेली गॉज कोरडी ओढू देऊ नका, सलाईननं चांगली भिजवून थोडं थांबलं की ती बरीचशी आपोआप सुटते, कोरडी ओढली की नवीन आलेली नाजूक कातडीपण निघते आणि रक्त येतं. तिसरं, एक कोपरा पोरालाच सोडवू द्या आणि "थांब" म्हटलं की सगळ्यांनी खरंच थांबायचं असं आधी ठरवा. यानं थोडा वेळ जास्त जातो, सिस्टरवर वीस पेशंटचा भार असतो हे मलापण कळतं, पण दोघांनी धरून ठेवलेल्या पोराबरोबर होणारी झटापटसुद्धा वेळ खातेच की.

तुम्ही आत असलंच पाहिजे. आई आत आली की पोर जास्त रडतं असं जे वाटतं ना, ते कारण ते तुम्हाला बघून मोकळं रडतं. बाहेर ठेवून गप्प झालेलं मूल घाबरून गप्प झालेलं असतं. शांतपणे विचारा, "मी डोक्यापाशी बसते, मध्ये येणार नाही," बहुतेक ठिकाणी ऐकतात.

आता तुमच्या पोराला व्हीआर लावता येईल का? चेहरा, कान, डोकं भाजलेलं नाही म्हणजे पट्टा बांधायला हरकत नसावी. उजवा हात भाजलाय म्हणून रिमोट धरायचा गेम नको, नुसती मान वळवून नेम धरायचे गेम असतात, ते. ज्यांना डोक्यावर काही बांधताच येत नाही त्यांच्यासाठी स्टँडच्या दांड्याला चष्मा अडकवून नुसता डोळ्यांसमोर धरायची सोयसुद्धा सिॲटलच्या लोकांनी करून बघितलीय. आणि भाषेची काळजी नको, बर्फाचा गोळा मारायला इंग्लिश लागत नाही. पण आधी काय काय होणार ते तुम्ही त्याला तेलुगूतच सांगा, सिस्टरनी मराठीत सांगितलेलं भीतीत अर्धं डोक्यावरून जातं.

व्हीआर मिळालाच नाही तर? तुमच्या भागातल्या छोट्या दवाखान्यात नसणारच. मग मोबाईलवर त्याला आवडतं ते कार्टून, पण मोबाईल नुसता समोर धरू नका, प्रश्न विचारत राहा, आता कोण पळालं, आता कुणाचा नंबर. बघण्यापेक्षा उत्तर देण्यात पोराचं डोकं जास्त गुंततं. फुगे काढायची साबणाची बाटली मिळते जत्रेत, ती तर फार कामाची, हळू लांब फुंकर मारल्याशिवाय मोठा फुगा येत नाही आणि लांब श्वास सोडला की अंग आपोआप सैल पडतं.

(वाचणाऱ्या सगळ्यांना एक : रॉड किंवा बंबाचं पाणी काढायच्या आधी बादलीत गार पाणी असू द्या. आणि भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, बर्फ पण नाही.)

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, दक्षिण कसबा. आमच्या लहानपणी दोघं धरायचे, तिसरा टोचायचा, काय बिघडलं आमचं? तुम्ही डॉक्टर लोकच आता पोरांना दवाखान्यात गेम देणार, मग घरी मोबाईल सोडा म्हणायचं कोणत्या तोंडानं?

उत्तर : सर, तुमची पिढी सोसून मोठी झाली हे खरंच आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण त्या काळात डॉक्टरांचंसुद्धा चुकत होतं, आणि फार मोठं चुकत होतं. अगदी 1980 च्या दशकापर्यंत जगात चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांत असं धरून चालायचे की तान्ह्या बाळाला दुखणं नीट कळत नाही, आणि कमी दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं जेमतेम भूल देऊन व्हायची. हे बदलायला ज्यांचं काम कारणी लागलं त्यात डॉ. कंवलजीत आनंद हे आपल्या इंदूरला एमबीबीएस झालेले, पुढं ऑक्सफर्डला गेलेले. 1987 मध्ये त्यांनी दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी नीट दुखणं थांबवलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी असतो आणि नंतरचा त्रासपण कमी होतो. म्हणजे दुखणं थांबवणं हा लाड नाही सर, उपचाराचाच भाग आहे.

आणि काही बिघडलं नाही असं म्हणता तर आजूबाजूला बघा. शुगर तपासायला वर्षानुवर्षं न जाणारे, दात किडून सुजला तरी इंजेक्शनच्या भीतीनं घरीच लवंग धरून बसणारे मोठे लोक माझ्यासमोर रोज येतात, त्यातल्या कितीतरी जणांच्या भीतीचं मूळ लहानपणीच्या असल्याच एखाद्या धरपकडीत असतं.

मोबाईलचं म्हणाल तर ड्रेसिंगच्या खोलीतली दहापंधरा मिनिटं आणि घरी जेवताना रोज तासभर यात फरक आहे. घरच्या मोबाईलबद्दल मी तुमच्याच बाजूनं आहे.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची, टाईप वन डायबेटीस, दिवसातून तीनचार वेळा इन्शुलिन. ऑनलाईन मोबाईल घालायचे व्हीआर बॉक्स स्वस्तात मिळतात, एक जण तर म्हणतो आमचा एफडीए मान्य आहे. घेऊ का? (एक बाबा, जुळे सोलापूर)

उत्तर : नका घेऊ, आणि का ते सांगते.

पहिलं वय. कंपन्या स्वतःच लहान मुलांना नको म्हणतात. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटचं आधी 13 वर्षांच्या पुढं होतं, 2023 मध्ये त्यांनी ते 10 वर आणलं. हॉस्पिटलमधल्या अभ्यासांत चार वर्षांपासूनची मुलं होती हे खरं, पण तिथं थोडाच वेळ आणि शेजारी माणूस बसलेला असतो. मोबाईल घालायच्या स्वस्त बॉक्समध्ये तर भिंगांमधलं अंतर मोठ्यांच्या डोळ्यांच्या हिशोबानं असतं, पाच वर्षांच्या मुलीला चित्र धूसर दिसणार, डोकं दुखणार, मळमळणार.

दुसरं, एफडीए. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानं, व्हीआरच्या एका उपचाराला परवानगी दिली, ईझव्हीआरएक्स त्याचं नाव, पण ती 18 वर्षांच्या पुढच्या लोकांच्या जुनाट कंबरदुखीसाठी होती. त्याचा तुमच्या बॉक्सशी काडीचा संबंध नाही.

तिसरं आणि माझ्या मते खरं कारण. इन्शुलिन तुमच्या मुलीला रोज, गावाला गेल्यावर, गड्ड्याच्या यात्रेत, लग्नात, सगळीकडं घ्यायचंय. जी गोष्ट रोजची आहे ती एखाद्या मशीनवर अवलंबून ठेवू नये, चार्जिंग संपलं की सगळं अडलं. व्हीआर हा कधीतरीच्या, लांबलेल्या, जास्त दुखणाऱ्या कामासाठी आहे, रोजच्या पाच सेकंदाच्या सुईसाठी नाही. त्यापेक्षा चालू असलेलं पेन फ्रिजमधून काढून लगेच टोचू नका, गार इन्शुलिन जास्त चुरचुरतं, थोडं नॉर्मल होऊ द्या. सुई दरवेळी नवी. जागा बदलत राहा आणि आज पोट का मांडी हे तिला ठरवू द्या. टोचून घ्यायचं की नाही हे तिला ठरवता येत नाही, निदान कुठं हे तरी तिच्या हातात असू दे. आणि "काहीच होणार नाही बघ" असं कधी म्हणू नका, "थोडं टोचेल, तीन आकडे मोजेपर्यंत संपेल" असं म्हणा, कारण एकदा खोटं पकडलं की पुढच्या वेळी ती तुमचं काहीच खरं धरणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी सात रस्त्याजवळ मुलांच्या हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्या सरांनी हेडसेट आणलाय पण तो कपाटातच आहे, कुणाला कसा लावायचा कळत नाही, आणि एका मुलाला लावला तर त्यानं दोन मिनिटांत काढून फेकला. कसं चालू करायचं?

उत्तर : सिस्टर, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला, कारण ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा सिस्टरच नीट चालवू शकते.

काढून फेकला याचं बहुतेक एकच कारण असतं, टेबलावर झोपवल्यावर, रडायला लागल्यावर लावला असणार. रडायला लागलेल्या मुलाच्या डोळ्यांवर अंधारा डबा चढवला की भीती दुप्पट होते. बाहेर वेटिंगमध्येच हातात द्या, आईला लावून दाखवा, मग त्याला, दोनतीन मिनिटं खेळू द्या आणि रमला की मग आत. नको म्हणाला तर सोडून द्या, काही मुलांना काय चाललंय ते बघायचंच असतं, बघितलं की त्यांना धीर येतो, त्यांच्यावर जबरदस्ती करून उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, डोळे झाकलेत म्हणून न सांगता टोचायचं नाही. मला माहितीय, मोह होतो, त्याला दिसत नाही तर पटकन उरकून घ्यावं वाटतं. पण एकदा असं झालं की तो पुन्हा कधीच हेडसेट घालणार नाही. आधीच ठरवून घ्या, "मी दंडाला हात लावला की गार कापूस, मग टोचेल." सलाईनच्या सुईआधी वेळ असेल तर सरांना विचारून लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करायचं क्रीम लावून घ्या, त्याला साधारण तासभर लागतो, म्हणून केस पेपर करायला आल्याआल्याच लावायचं.

कुणाला लावू नये तेपण बघा. फिट येणारी मुलं, उलटी चालू असलेली, डोक्याला मार लागलेली, डोळे आलेली, चेहऱ्यावर किंवा डोक्यावर जखम असलेली. उवा विचारायला लाजू नका. प्रत्येक मुलानंतर चेहऱ्याला लागणारा भाग जंतुनाशकानं पुसा, शक्यतो टाकून द्यायचं कव्हर वापरा, पण भिंगांना स्पिरिट लावू नका, ती खराब होतात, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. सीन निवडताना रोलर कोस्टर, उड्या, वेगानं पळणं हे नको, त्यानंच मळमळतं. मूल खुर्चीत स्थिर आणि आतलं जगपण हळू हललं पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडं चाळिशीच्या वर पारा गेला की त्या चष्म्याच्या आत घाम साचून पोरं वैतागतात, खोलीत पंखा हवाच. आणि अक्कलकोट, इंडीकडून येणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या पोरांना आतली सूचना कळणार नाही, म्हणून शब्द नसलेले गेम आधी शोधून ठेवा, दहा सेकंदात कळतील असे.

सरांना खरं चित्रपण सांगा. 2020 मध्ये कॉक्रेनच्या, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या, लोकांनी यावरचे 17 अभ्यास, 4 ते 18 वर्षांची 1008 मुलं, एकत्र करून तपासले. साइड इफेक्ट नगण्य दिसले, फायदा असावा असं दिसलं, पण पुरावा कच्चा आहे असंच त्यांनी लिहिलं. अभ्यास छोटे, आणि कुणी काय लावलंय हे मुलापासून लपवता येत नाही, त्यामुळे खात्रीनं आकडा सांगणं अवघड. म्हणून हे सगळ्या मुलांना लागू पडेल असं धरून चालू नका. तरी मी म्हणेन की चालू करा. रक्त घेताना हेडसेट लावलेली एक मुलगी मला चांगली लक्षात आहे, तोंडानं ती सुरुवातीपासून गप्पच होती त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण खुर्चीवरून लोंबणाऱ्या तिच्या पायांची बोटं आत घट्ट वळलेली होती. हळूहळू ती सैल झाली आणि मग ती आतल्या कुठल्यातरी माशाच्या मागं मान वळवायला लागली, सुई लागली तेव्हा बोटं एकदा आखडली आणि परत सुटली. तुम्ही पण चेहऱ्याबरोबर पाय बघत जा, ते जास्त खरं सांगतात.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं होतंय, डोस द्यायचेत. त्याला असलं काही लावता येतं का? सासूबाई म्हणतात डोसच्या आधी पाजू नको, उलटी करेल. (होटगी रोड)

उत्तर : व्हीआर नाही, इतक्या लहान बाळाला मुळीच नाही. त्याच्यासाठी तुम्हीच आहात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये लसीच्या वेळचं दुखणं कमी करायला ज्या गोष्टी सांगितल्या त्यात अंगावर पाजणं आहे. टोचताना किंवा त्याच्या जरा आधी पाजायला घ्या. बाळाला टेबलावर आडवं दाबून धरू नका, छातीशी घ्या आणि मांडी तेवढी मोकळी ठेवा. एकापेक्षा जास्त इंजेक्शनं असतील तर जास्त चुरचुरणारं शेवटी द्या असं सिस्टरना सांगा. तोंडातून द्यायचे डोस, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस, हे टोचायच्या आधी उरकून घेतले की रडताना ठसका लागत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पाजल्यावर उलटी झालीच तर थोडं दूध जाईल एवढंच. तोंडातून दिलेल्या डोसनंतर लगेच उलटी झाली तर मात्र सिस्टरना तिथंच सांगा, परत द्यायचा का ते त्या बघतील.